धाटाची गाडी

मिशिगनला भाचीकडं गेले होते तेव्हाची गोष्ट. रविवारी सकाळी ती म्हणाली, "मावशी, तयार हो, आज विद्यापीठाच्या आर्ट गॅलरीत जाऊ. सगळं फुकट असतं." मला फुकट म्हटलं की आधी रांग आठवते. तिथं रांग नव्हती. दालनाच्या बाहेरच्या चौकात लांबलचक टेबलं मांडली होती. त्यांवर रंगीत कागद, डिंक, लोकरीचे गुंडे, बोथट कात्र्या. एप्रन बांधलेल्या विद्यार्थिनी येणाऱ्या-जाणाऱ्याला खुर्ची ओढून देत होत्या. कोपऱ्यात दोन मुलं चेलो वाजवत होती आणि कुणी ऐकतंय की नाही याची त्यांना फिकीर नव्हती. नाव विचारलं नाही, सही घेतली नाही. पस्तीस वर्षं महापालिकेच्या शाळेत चित्रकला शिकवलेली मी, त्या टेबलाशी बसले आणि घडीचा पक्षी केला. मान जरा तिरकी झाली त्याची, पण बरा होता.

परतताना गाडीत भाचीनं विचारलं, "आपल्या परभणीत आहे का गं असं काही?"

"आहे की," मी म्हणाले.

खोटं बोलले. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन डोंबिवलीला आले त्याला आता चाळीसहून जास्त वर्षं झाली. मधे येणं-जाणं झालं ते लग्नं आणि दहाव्याबाराव्यापुरतं. 1995 साली साहित्य संमेलन परभणीला भरलं, नारायण सुर्वे अध्यक्ष होते, तेव्हा मात्र तीन दिवस राहिले होते. एवढ्या भांडवलावर मी 'आहे की' म्हणाले होते. तो शब्द खरा करायचा म्हणून, किंवा तो खोटा पडतो का बघायचा म्हणून म्हणा, फेब्रुवारीच्या सुरुवातीला देवगिरी एक्सप्रेसनं निघाले.

परतूर गेलं की उजाडतं. सेलू आलं, माझं माहेर. गाडी थांबेपर्यंत खिडकीला नाक लावून बसले, ओळखीचं काही दिसलं नाही. मानवत रोडनंतर दोन्ही बाजूंना काळी जमीन आणि तिच्यावर रब्बीची ज्वारी, कणसं भरलेली. परभणीच्या फलाटावर मामेभाऊ उभा होता. गेल्या खेपेपेक्षा थोडा वाकलेला.

"कलादालन?" माझा बेत ऐकून तो हसला. "ताई, जगात जर्मनी अन् भारतात परभणी! तुला इथं काय नाही मिळायचं?" ही म्हण कुठून आली याच्या गोष्टी जितकी तोंडं तितक्या. पण परभणीकर ती निम्मी अभिमानानं आणि निम्मी स्वतःला चिमटा काढायला म्हणतो, एवढं खरं. चहाचा कप खाली ठेवत त्यानं यादी केली. बी. रघुनाथांच्या नावाचं सभागृह आहे, नाटकं होतात, दर सप्टेंबरला त्यांच्या स्मृतीचे कार्यक्रम होतात. (निजामाच्या राजवटीत कारकुनी करत मराठी कविता आणि कादंबऱ्या लिहिणारा हा माणूस 1953 साली चाळिशीतच गेला. परभणीनं त्याला अजून घरातल्यासारखं सांभाळलंय.) पण चित्रं टांगलेलं, दार उघडं असलेलं, कुणीही आत जावं आणि हात चालवावा असं दालन? भावानं डोकं खाजवलं. "विद्यापीठ आहे की आपल्याकडं. पण ते ज्वारी-कापसाचं."

तर मी ज्वारी-कापसाच्या विद्यापीठात गेले.

18 मे 1972 ला स्थापन झालेलं हे मराठवाडा कृषी विद्यापीठ. 2013 पासून त्याच्या नावात वसंतराव नाईक आले. मी शाळेत असताना आम्ही त्याला नुसतं 'कृषी' म्हणायचो, रिक्षावाले अजून तेच म्हणतात. आत कडुनिंबांची सावली, लांब सरळ रस्ते आणि प्रयोगाच्या पट्ट्यांवर वाणांच्या पाट्या. 'परभणी मोती' ही रब्बी ज्वारी इथली. लोह आणि जस्त जास्त असलेली 'परभणी शक्ती' इथली. एके काळी मराठवाडाभर पसरलेला 'नांदेड 44' हा कापूसही याच विद्यापीठाच्या नांदेडच्या केंद्रातला. मे महिन्यात स्थापनेच्या दिवशी खरिपाचा मेळावा आणि 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनी, रब्बीचा. तेव्हा गावोगावचे शेतकरी येतात, बियाणं घेतात, प्रदर्शन बघतात, शास्त्रज्ञांना उलटसुलट विचारतात. चित्रं नसली तरी उघड्या दाराचं दालन म्हणायला हरकत नाही. मी गेले तेव्हा मेळावा नव्हता. दुपारचा एक वाजला होता आणि एका निंबाखाली मजूर बायका भाकरी सोडून बसल्या होत्या.

त्यातली एक जेवण उरकून धाट सोलत होती. सोबत चार-पाच वर्षांचा नातू होता, भोकाड पसरण्याच्या बेतात. त्याला गप्प करायला तिनं गाडी करायला घेतली होती. धाट म्हणजे ज्वारीचा वाळका दांडा, कडब्यातला. आमच्याकडं प्रत्येक मुलाचं पहिलं खेळणं हेच असायचं. मीही लहानपणी केलं होतं, पण हात विसरले होते.

"बसू का?" मी विचारलं.

"बसा की. कुठून आलाव?"

मुंबईहून म्हटल्यावर तिनं मला वरखाली बघितलं आणि एक धाट माझ्याकडं टाकलं.

बुडाचं जाड पेर आणि शेंड्याचं बारीक पेर सोडून द्यायचं, मधली घ्यायची. आधी साल काढायची. ती पिवळी, चकचकीत आणि सुरीसारखी धारदार असते. आत पांढरं भेंड, थर्माकोलसारखं हलकं, बोटानं दाबलं तर खड्डा पडतो आणि तसाच राहतो. गाडी उभी राहते ती या दोघांच्या जोडीवर. भेंड म्हणजे लाकूड आणि साल म्हणजे खिळा. सालीचा काडीएवढा तुकडा तिरका तोडला की टोक येतं. ते भेंडात खुपसलं की जोड पक्का. डिंक नाही, दोरा नाही. दोन लांब भेंडं समांतर, त्यांवर आडव्या काड्या, ही झाली साटी. जाड भेंडाच्या दोन चकत्या, ही चाकं. सालीची एक सरळ काडी दोन्ही चाकांतून आरपार, हा आख. पुढं दांडी, दांडीला जू. जुवाला दोन बैल, भेंडाचेच, आणि त्यांची शिंगं म्हणजे सालीचे वाकवलेले दोन धागे.

माझी साल दर वेळी मधेच तुटत होती. मी पर्समधली नेलकटरची सुरी काढली तर बाई हसायला लागली.

"असं नव्हं बाई. लोखंडानं नाय निघत ती. दातानं धरा शेंडा अन् खाली वढा."

मी आजूबाजूला बघितलं. निवृत्त शिक्षिका, विद्यापीठाच्या आवारात, तोंडात धाट. धरलं. एका ओढीत वीतभर साल सुटून आली, अखंड. दातांवर ती किंचित गोडसर, मातकट चव आली आणि मला सेलूच्या घरामागची कडब्याची गंजी आठवली, गंजीवर पाय सोडून बसलेले आम्ही भाऊबहीण आठवलो. बोटाला साल लागून रक्त आलं तेही अगदी लहानपणी यायचं त्याच जागी, अंगठ्याच्या पेरावर.

अर्ध्या तासात तिची गाडी झाली. माझी साटी तयार होती आणि चाकं लंबगोल झाली होती. नातवानं आपली गाडी सुतळीला बांधून ओढली, ती दहा पावलं गेली आणि एक बैल पडला. बाईनं तो उचलून न बघताच पुन्हा खोचला. मला तिनं तिसरी एक गाडी करून दिली आणि वर दोन अख्खी धाटं. पैसे विचारायची हिंमत झाली नाही. बॅगेत लाडूचा डबा होता, तो पोरापुढं केला. त्यानं दोन उचलले.

मिशिगनच्या टेबलावर एक गोष्ट मला खटकली होती, ती काय हे या निंबाखाली उमगलं. तिथं कागदाचे तुकडे आधीच कापून ठेवलेले होते. चुकायला फारशी जागाच ठेवली नव्हती. ती मंडळी प्रेमानं करतात, त्यांना नावं ठेवत नाही. मीही वर्गात तेच केलं आहे, चाळीस मुलं आणि पस्तीस मिनिटं असली की दुसरं काय करणार?

संध्याकाळी उर्साला गेलो. हजरत सय्यद शाह तुराबुल हक यांचा दर्गा, लोकांच्या तोंडी तुरत पीर. जानेवारी संपता संपता उर्स सुरू होतो तो फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. तेवढे दिवस परभणीचं सगळं वेळापत्रक त्याच्याभोवती फिरतं. नवस फेडायला येणाऱ्यांत हिंदू-मुसलमान दोन्ही, आणि आमच्या आजीनं मामाच्या तापासाठी इथंच चादर कबूल केली होती. बाहेर पाळणे, मौत का कुआँ, बांगड्यांच्या गाड्या, परातीएवढे पराठे आणि किलोवर हलवा. आत आलं की गोंगाट एकदम मागं राहतो आणि ऊद-गुलाबाचा वास येतो.

कव्वाली उशिरा रंगली. खाली सतरंजी, जागा मिळेल तिथं बसायचं. माझ्या डावीकडं एक हमाल होता, अंगावर अजून पोत्याची धूळ. उजवीकडं एक पोक्त बाई, बहुधा शिक्षिका असावी, कारण ती मुलांना डोळ्यांनीच गप्प करत होती. गाणारा एक ओळ घोळवू लागला की हमाल पुढं सरकायचा, मान हलवायचा आणि मागं यायचा. चौथ्या-पाचव्या वेळी तो उठला, खिशातून दहाची नोट काढली आणि पुढं जाऊन पेटीवर ठेवून आला. त्याला कुणी मागितली नव्हती. त्याच्यामागून मग एकेक उठू लागले. मला त्या दहाच्या नोटेचं फार वाटलं. तिकीट असतं तर हा माणूस आत आला नसता, आणि आत आल्यावर त्याला फुकट ऐकवेनाही.

मी पन्नासची काढली होती, ती परत ठेवली आणि दहाची शोधली. का ते सांगता येणार नाही.

दुसरा दिवस दगडांचा. जिंतूरच्या पुढं चारठाणा. या गावात मंदिरं किती याचा आकडा गावकरी तुम्हाला शेकड्यात सांगतील. मी मोजली नाहीत. गोकुळेश्वर, उकंडेश्वर, खुराची आई, एकेका नावामागं एकेक गोष्ट, आणि मोकळ्यात उभा असलेला तो नक्षीचा उंच स्तंभ. मी त्याला हात लावला. दुपारच्या उन्हानं तापलेला दगड, त्यातली पानाफुलांची पट्टी बोटाखाली खडबडीत लागते आणि जिथं पिढ्यान्‌पिढ्या शेंदराचे हात टेकले तिथं गुळगुळीत. परदेशातल्या दालनात असल्या दगडाभोवती दोरी असते. इथं दोरी नाही म्हणून मला जो आनंद झाला, त्याच कारणानं काही मूर्तींना नाक उरलेलं नाही, हेही लिहिलं पाहिजे. गावातली काही मंडळी आता पाहुण्यांना वारसाफेरीला हिंडवतात, माहिती सांगतात. त्यांनी थोडी दोरी बांधली तर माझी तक्रार नाही.

परतताना सेलू तालुक्यात वालूरची बारव बघितली. पायऱ्या गोल फिरत, शंखासारख्या आत उतरत जातात. वर्षानुवर्षं कचऱ्यानं बुजलेली ही बारव गावकऱ्यांनीच उपसून मोकळी केली. खाली उतरून मी नुसतं 'आ' म्हणून बघितलं. आवाज फिरून परत आला तेव्हा वर काठावर बसलेली दोन पोरं माझी नक्कल करू लागली, आणि मग पाच मिनिटं आमचं तेच चाललं होतं.

गंगाखेडला मात्र मी कला बघायला गेले नव्हते. भावाच्या व्याह्यांकडं नुकतंच लग्न झालं होतं आणि मंगळवारी रात्री गोंधळ होता. संध्याकाळी गोदावरीच्या घाटावर बसले. हे जनाबाईंचं गाव. पंढरपूरला नामदेवांच्या घरी राबण्यात त्यांचा जन्म गेला, आणि त्यांचं जातं म्हणून गोपाळपूरला दाखवतात. दळता दळता गाणाऱ्या बायांची परंपरा या जिल्ह्यात अगदी परवापर्यंत होती. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी गावोगाव हिंडून लाखावर ओव्या जमवल्या. त्यात पूर्णा तालुक्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज आहे. आता तो संग्रह कुणालाही मोबाइलवर फुकट ऐकता येतो. मी घाटावर ऐकला. कापरा, खोल गेलेला, कुणालाही खूश करायला न निघालेला आवाज. पाणी कमी होतं, पलीकडं कुणीतरी म्हशी धूत होतं.

रात्री अंगणात चौक मांडला. पाटावर नवं कापड, तांदळाची रास, त्यावर कलश, विड्याची पानं, नारळ. आणि त्यावर मखर होतं ज्वारीच्या पाच धाटांचं, वर शेंडे एकत्र बांधून. मी भावाला कोपरानं ढोसलं. "परवा मी हेच दातानं सोलत होते." तो म्हणाला, "गप बस, देवी आहे ती."

गोंधळी चौघं. पायघोळ झगे, गळ्यात कवड्यांच्या माळा. संबळवाला सुरुवातीला बराच वेळ कातडं चाचपत बसला होता. रात्रीच्या गारव्यानं ते उतरतं, म्हणून त्यानं संबळ दिवटीजवळ नेऊन शेकलं, टिचकी मारली, पुन्हा शेकलं. मग एकदा वाकड्या टोकाची काडी पडली आणि शेजारच्या घरातले दिवे लागले. देवदेवतांना गावांच्या नावानिशी बोलावणं सुरू झालं, तुळजापूर, माहूर, कोल्हापूर, जेजुरी. माणसं पंगतीला बोलवावीत तसं. पुढं आख्यान लागलं, त्यात गंगाखेडच्या बाजारातले भाव आले, नवरदेवाची थट्टा आली, रडवून झालं, हसवून झालं.

मध्यंतरात चहा घेताना मी थोरल्या गोंधळ्याजवळ जाऊन बसले. गोंधळमहर्षी म्हणून नावाजलेले राजारामभाऊ कदम परभणीचेच, त्यांची आठवण निघाली. त्यांचं नाव घेताना म्हाताऱ्यानं कानाच्या पाळीला हात लावला. मी विद्यापीठाचं विचारलं. मुंबई विद्यापीठानं लोककलांची अकादमी काढली, तिथं गोंधळ शिकवतात, हे त्यांना माहीत होतं.

"इथली कॉलेजची पोरं बी येतात की," ते म्हणाले. "युवक महोत्सव आला की पंधरा दिस आधी. काका, गोंधळ बसवून द्या. मी म्हणलं, किती येळाचा? तर म्हणे, दहा मिन्टाचा."

दहा मिनिटं. देशभरातल्या विद्यापीठांच्या महोत्सवांत लोकनृत्याला साधारण तेवढाच वेळ. शिट्टी वाजली की गुण कापतात. आवाहनालाच ज्यांना तासभर लागतो त्यांनी ते काय करायचं?

"मग?"

"मग काय. देवी बोलावली, दोन गिरक्या मारल्या, पोत नाचवला, झालं. पैला नंबर आला त्यांचा." ते हसले. हसण्यात राग होता का ते मी बघत होते, मला दिसला नाही. "त्यातलं एक पोरगं मातर जायना झालं. बामणाचं हाय का कुणाचं, ठावं नाही. म्हणलं, काका, अकरावं मिनिट काय असतं? आता तेच तुणतुणं धरतंय माझ्याकडं."

त्यांनी हनुवटीनं दाखवलं. चष्मेवाला, किडकिडीत मुलगा, जीन्सवर झगा घातलेला, तुणतुण्याची खुंटी पिळत होता. मी विचारायच्या आत त्यानं ते माझ्या हातात दिलं. पोकळ लाकडी नळकांडं, खाली कातडं, बाजूला काठी, आणि एकुलती एक तार. काडीनं छेडायची, बस. माझ्या हातून निघाला तो आवाज डबा लवंडल्यासारखा होता. मुलगा अदबीनं म्हणाला, "मॅडम, तारेकडं बघू नका. त्यांच्या पायाकडं बघा."

पहाटे आरती होईपर्यंत मी त्यांच्या पायांकडं बघत होते.

भाचीला काय लिहावं ते दोन दिवस सुचलं नाही. दालन नाही, हे खरंच. एखादी खोली हवी, जिथं ते संबळ, तो झगा, त्या बाईची गाडी वर्षभर ठेवलेली असेल आणि शाळांची पोरं येऊन दातानं धाटं सोलतील. कृषी विद्यापीठात जागेला तोटा नाही, धाटांना तर नाहीच नाही. भाऊ म्हणाला, "अर्ज कर." त्याच्या मते जगातले सगळे प्रश्न अर्जानं सुटतात किंवा अर्जात मिटतात.

परतीच्या देवगिरीत माझ्या समोर एक तरुण जोडपं होतं, नांदेडहून ठाण्याला निघालेलं, सोबत सहा वर्षांची मुलगी. मी गाडी जपून खिडकीशी ठेवली होती, पण मानवत रोडला डबा हिसकला आणि ती खाली पडली. एक चाक निखळलं, आख मोडला. मुलीनं मोबाइल बाजूला ठेवून ती उचलली, उलटी केली, चाकाच्या भोकातून माझ्याकडं बघितलं.

"हे कशाचं आहे?"

मी वर्तमानपत्रात गुंडाळलेली दोन धाटं काढली. नवा आख करायला साल हवी होती. मी पर्समध्ये सुरी चाचपली आणि हात थांबवला. तेवढ्यात त्या मुलीच्या आईनं, इतका वेळ इअरफोन लावून बसलेल्या त्या बाईनं, एक धाट माझ्या हातातून घेतलं, नवऱ्याकडं एकदा बघितलं आणि शेंडा दातात धरला.